करीचं बाळंतपण

मराठीत 'बाळंतीण', कन्नडात 'बाणंती'. दोन्ही शब्द एका घरातल्या जावा-जावांसारखे दिसतात. पण हा मान दोन्ही भाषांत फक्त बाईला. बाई बाळंत होते. गाय-म्हैस विते, कुत्रीही विते. कन्नडात कुत्री 'मरी हाकते', म्हणजे पिल्लं टाकते. तिला कुणी बाणंती म्हटलेलं मी लग्न होऊन भालकीला आल्यापासून कधी ऐकलं नव्हतं. गेल्या हिवाळ्यात ते आमच्याच घरात ऐकलं, आणि म्हणणाऱ्या होत्या आमच्या अत्ती.

अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई. माझं माहेर उदगीर. उदगीर-भालकी अंतर ते किती, चाळीसेक किलोमीटर. पण मधे राज्याची सीमा आहे, आणि मला त्याहून मोठी वाटली ती भाषेची. आता बावीस वर्षं झाली. अत्तींशी कन्नड, मुलांशी मराठी, भांडण झालं तर दोन्ही, असा आमचा कारभार आहे. सीमेवरच्या बहुतेक घरांत असाच असणार, म्हणून त्याचं कौतुक जास्त सांगत नाही.

तर आमच्या गल्लीत एक काळी कुत्री आहे. मुलं तिला 'काळी' म्हणतात, अत्ती 'करी' म्हणतात. अर्थ एकच, आणि ती दोन्ही नावांना शेपटी हलवते. कुणाची पाळलेली नाही, पण परकीही नाही. सकाळी आमच्या दारात, दुपारी समोरच्या दुकानापाशी, रात्री सगळ्या गल्लीची.

भाद्रपद हा कुत्र्यांचा महिना, हे आपल्या आजोबा-पणजोबांना पुस्तक न वाचता माहीत होतं. त्यावरून मराठीत जे बोललं जातं ते कुटुंबाच्या पानावर छापण्यासारखं नाही, पण त्यातला हिशेब पक्का आहे. कुत्रीचे दिवस साधारण ६३, म्हणजे दोन महिने आणि वर दोन-तीन दिवस. भाद्रपद-आश्विनात गाभण राहिलेली कुत्री कार्तिक-मार्गशीर्षात विते. घरात पाळलेल्या कुत्र्या वर्षातून दोनदाही माजावर येतात, पण आपल्याकडच्या रस्त्यावरच्या बहुतेक कुत्र्यांची पिल्लं याच सुमाराला होतात. म्हणजे नेमकी थंडीत. बीदर शहर समुद्रसपाटीपासून २२०० फुटांच्या आसपास आहे आणि या पट्ट्यातली डिसेंबरची पहाट कशी असते ते तुम्हाला सांगायला नको. तुरीच्या शेतावर राखणीला झोपणाऱ्याला विचारा.

करीनं जागा शोधायला सुरुवात केली ती दिवाळीनंतर. आमच्या घरामागे पडवीला लागून कडब्याची गंजी आणि जळणाची लाकडं असतात. त्या दोहोंच्या मधे ती रोज थोडं थोडं उकरायची. आधी मला वाटलं घूस लागली असेल. अत्तींनी एक नजर टाकली आणि म्हणाल्या, दिवस भरलेत. खड्डा करणं, जागा बदलून बदलून बघणं, खाणं सोडणं, धापा टाकणं ही सगळी जवळ आल्याची चिन्हं. विण्याच्या आदल्या दिवशी कुत्रीचं अंग एखाद अंशानं थंडही पडतं. पाळलेल्या कुत्रीचं तापमान घेऊन लोक त्यावरून अंदाज बांधतात.

तिनं आमचंच परसू का निवडलं असेल? आमच्या घराचा काही विशेष नाही. कोलकात्याजवळ आयसर नावाची केंद्र सरकारची विज्ञान संस्था आहे. तिथे डॉ. अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी गेली अनेक वर्षं रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांनी २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या एका निबंधात दाखवलं की व्यायला झालेली कुत्री एकांत शोधत माणसांपासून लांब जात नाही, उलट माणसाच्या वस्तीला चिकटून जागा धरते. जिथे घर आहे तिथे चूल आहे, शिळं आहे, आडोसा आहे. हे वाचल्यावर मला आधी बरं वाटलं. मग त्याच लोकांचा दुसरा निबंध वाचला. त्याचं पुढे सांगते.

परसातल्या उकराउकरीची बातमी गल्लीत लगेच पसरली. रविवारी सकाळी आमच्या अंगणात तीन-चार पुरुषमंडळी जमली. पिल्लं झाली की पोत्यात घालून गावाबाहेर तुरीच्या रानात सोडून यायची, असं बोलणं चाललं होतं. यांना मी दुष्ट म्हणणार नाही. आदल्या वर्षी गल्लीतल्या एका मुलाला दुसऱ्याच कुठल्या कुत्र्यानं पोटरीला चावलं होतं, त्याच्या आईनं सुयांसाठी घातलेले हेलपाटे सगळ्यांनी पाहिले होते. आमचे हे त्यांच्या बाजूचेही नव्हते आणि विरुद्धही नव्हते. चहा आणायला सांगायच्या निमित्तानं आत येऊन उभे राहिले.

अत्ती पडवीत लसूण सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "बाणंतीन मनिंद होरग हाकतारेनु?" बाळंतिणीला कुणी घराबाहेर काढतं का?

अंगणातले सगळे गप्प झाले. पंच्याहत्तरीच्या बाईपुढे बोलायचं काय? शेवटी ठरलं ते असं: दोन महिने कुत्री तिथेच राहील, पोरांना तिकडे फिरकू द्यायचं नाही, आणि पिल्लं मोठी झाली की त्यांची सोय लावायची जबाबदारी आमच्या घराची. ही शेवटची अट अत्तींनी माझ्या वतीनं कबूल केली, मला न विचारता. असो.

नोव्हेंबर संपता संपता एका रात्री करी व्याली. पडवीच्या खिडकीतून मी आणि थोरली बघत होतो, दिवा न लावता. कुत्र्याचं पिल्लू येतं ते एका पातळ पिशवीत. आईनं ती ताबडतोब दातांनी फाडली नाही तर आत श्वास कोंडतो. करीनं ती फाडली, नाळ चावून तोडली, आणि मग चाटायला लागली. ते चाटणं मायेचं दिसतं, आणि असेलही, पण ते काम आहे. जोरजोरात, पिल्लाला उलटंपालटं करून, ते कुईं करेपर्यंत. आपल्याकडे सुईण मूल रडेपर्यंत पाठीवर चोळायची, तेच हे. वार तिनं खाऊन टाकली. थोरलीनं तोंड फिरवलं, पण रानात राहणाऱ्या तिच्या पूर्वजांना वास मागे ठेवून चालत नव्हतं. दोन पिल्लांमधे कधी वीस मिनिटं, कधी तासभर. (कळा येत असून दोन तासांत पुढचं पिल्लू आलं नाही तर मात्र जनावरांच्या डॉक्टरांना बोलवावं.) पहाटे तीनपर्यंत पाच झाली. दोन काळी, दोन तांबूस, एक कबरं.

आंधळी आणि बहिरी. कुत्र्याची पिल्लं जन्मतात तेव्हा डोळे मिटलेले असतात आणि कानही बंद असतात. डोळे उघडतात दहा ते चौदा दिवसांनी, कान त्यानंतर थोड्या दिवसांनी. तोवर त्यांना दोनच गोष्टी कळतात: ऊब आणि वास. डोकं डावी-उजवीकडे हलवत, पोटावर सरपटत ती आईच्या पोटाशी पोचतात. शास्त्रज्ञ सांगतात की विल्यानंतर तीन-चार दिवसांनी आईच्या सडांमधल्या कातडीतून एक खास गंध यायला लागतो, आणि त्यानं पिल्लं शांत होतात. माणसाला तो येत नाही. मी नाक लावून बघितलेलं नाही, करीनं लावू दिलं नसतं.

सकाळ व्हायच्या आत पाचही सडाला लागलेली होती. अत्ती काठी टेकत बघायला आल्या. खिडकीशी उभ्या राहिल्या आणि बराच वेळ हलल्या नाहीत. त्यांनी मग जे सांगितलं ते मी बावीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.

त्यांचं पहिलं मूल मुलगी होती. आमच्या यांच्याही आधीची, हे मलाच काय, यांनाही नीट माहीत नव्हतं. पुष्य महिना होता. त्या काळी त्यांच्या घरात पहिलं दूध, म्हणजे चीक, बाळाला द्यायचा नाही असा रिवाज होता. जड असतो, बाधतो, म्हणून तीन दिवस पिळून टाकायचा. बाळाला कापडाच्या बोळ्यानं गुळाचं पाणी. नऊ दिवस जगली. अत्ती म्हणाल्या, गाय व्याली की चीक शेजाऱ्यांना वाटायचा, गिण्ण करून खायचा, आणि माझा मात्र मातीत. मग करीकडे बोट दाखवून, "नायीगे यार कलिस्यार?" कुत्रीला कुणी शिकवलं?

यावर मी काही बोलले नाही, आणि त्यांनाही उत्तर नको होतं.

चीक म्हणजे खरवस किंवा गिण्ण करायची वस्तू, एवढंच आपण धरून चालतो. कुत्र्याच्या पिल्लाच्या बाबतीत त्याचं महत्त्व माणसाच्या बाळाहूनही जास्त आहे. माणसाच्या बाळाला रोगाशी लढायची थोडी शिदोरी पोटातच, वारेतून मिळालेली असते. पिल्लाला वारेतून फारच थोडी मिळते; जवळजवळ सगळी येते ती चिकातून. आणि ती आतड्यातून रक्तात शिरण्याची मुदत साधारण पहिल्या चोवीस तासांची. नंतर ते दार बंद. माणसाच्या बाळालाही पहिल्या तासाभरात अंगावर घ्यावं आणि चीक अजिबात टाकू नये, असं आता प्रत्येक सरकारी दवाखान्यात सांगतात. तरी 'तीन दिवस नको' म्हणणाऱ्या आजीबाई अजून भेटतात. अत्ती आता अशा कुणाला भेटल्या की ऐकून घेत नाहीत, करीची गोष्ट सांगतात. मुलीची सांगत नाहीत.

बाळंतिणीच्या खोलीत शेगडी असते. करीची शेगडी म्हणजे तिचं पोट. मोठ्या कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरम, साडेअडतीस सेल्सिअसच्या आसपास असतं. नवं पिल्लू पहिल्या आठवड्यात पस्तीस-छत्तीसवर असतं, आणि त्याला कुडकुडताही येत नाही. कुडकुडणं हीसुद्धा अंग तापवायची एक युक्ती आहे, ती त्याला काही दिवसांनी जमते. म्हणून पिल्लं एकमेकांवर ढीग करून झोपतात, आणि आई पहिले दोन आठवडे ढिगाजवळून जेमतेम उठते. करी दिवसातून तीन-चार वेळा बाहेर यायची, पाणी प्यायची, भाकरी गिळायची, चावायची नाही, गिळायची, आणि पळत परत.

पाचव्या दिवशी सकाळी कबरं पिल्लू ढिगापासून हातभर लांब पडलेलं दिसलं. करी ते घेत नव्हती. गार पडलेलं पिल्लू आई बऱ्याचदा बाजूला सारते. निर्दयपणा म्हणा, नाहीतर चार वाचवायचा हिशेब म्हणा. थोरली रडायला लागली आणि दूध गरम करायला धावली. अत्तींनी तिला थांबवलं, आणि ते बरोबर होतं: गार पिल्लाला दूध पाजू नये, त्याला ते पचत नाही. आधी ऊब. करी पाणी प्यायला उठली तेव्हा त्यांनी पिल्लू उचललं, जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, गरम पाण्याची बाटली फडक्यात बांधून शेजारी ठेवली आणि मांडीवर घेऊन बसल्या. शेक हळूहळू द्यायचा, घाईनं नाही. तासाभरानं ते हललं. नंतर ते ढिगात परत ठेवलं तर करीनं वास घेतला, दोनदा चाटलं, आणि सडाजवळ ढकललं. हात लावलं की आई पिल्लू टाकते, हे आपण ऐकत आलो ते ओळखीच्या माणसाच्या बाबतीत तरी खरं ठरलं नाही. पण म्हणून उठसूट हात लावू नये. करी अत्तींना ओळखत होती. तुमची कुत्री तुम्हाला किती ओळखते हे तिलाच ठरवू द्या.

आता एक गोष्ट सांगते, जेवताना वाचत असाल तर पुढचा परिच्छेद सोडा.

पिल्लांना पहिले तीनेक आठवडे आपण होऊन शी-शू करता येत नाही. आई त्यांचं पोट आणि मागची बाजू चाटते, तेव्हा होते. आणि जे होतं ते ती चाटून साफ करते. म्हणून पाच पिल्लं असूनही त्या खड्ड्याला वास नव्हता. माझ्या दोन मुलांच्या लंगोटांच्या दोऱ्या आठवल्या आणि मी करीला मनातल्या मनात नमस्कार केला. आईवेगळं पिल्लू वाढवायची वेळ आली तर हे काम आपल्याला करावं लागतं: कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं, प्रत्येक दुधानंतर. दूध बाटलीनं पाजणारे पुष्कळ असतात, पण हे माहीत नसल्यानं पिल्लं पोट फुगून दगावतात.

दुधाचंही तसंच. कुत्रीच्या दुधात स्निग्धांश आणि प्रथिनं दोन्ही गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त. नुसत्या गाईच्या दुधावर, त्यात पाणी घातलेल्या दुधावर तर नाहीच, पिल्लू पोसत नाही. म्हणून पिल्लांसमोर बशी ठेवणाऱ्यांना माझं एवढंच म्हणणं असतं की पहिला महिनाभर पिल्लांना काही देऊ नका, आईला द्या. ते दूध करायचं काम तिचं. पाच पिल्लांच्या आईला नेहमीच्या दुप्पट-तिप्पट लागतं. आमच्याकडे ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, उकडलेली अंडी, आठवड्यातून दोनदा समोरच्या खाटकाकडची छाट. कांदा-लसणाचं नको, चॉकलेट आणि मनुके तर विषच. शेजारच्या काकूंनी प्रेमानं डिंकाचा लाडू आणला होता, त्यात मनुके होते. तो मी खाल्ला. आणि दूध पाजणारी कुत्री एकाएकी थरथरायला लागली, पाय ताठ झाले, तर थंडी समजून पांघरूण घालत बसू नका. रक्तातलं कॅल्शियम उतरलेलं असतं, डॉक्टरकडे तासाभराच्या आत.

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. कुत्री तशी हौशी नाही, पण त्रास झाला की हलवते. ठरलेली अट मोडून तिसऱ्या आठवड्यात गल्लीतली सात-आठ पोरं परसात घुसली, कुणी मोबाइलवर चित्रं काढली. त्या रात्री करीनं पाचही पिल्लं एकेक करून तोंडात धरून पलीकडच्या पडक्या वाड्याच्या ओवरीत नेली. धरायची तीही कशी: मानेला, पाठीला, कधी अख्खं डोकंच जबड्यात. ज्या दातांनी ती हाड फोडते त्या दातांची एक खूण पिल्लाच्या अंगावर नव्हती.

याच दिवसांत गुरगुरणंही वाढतं. पिल्लं असलेली कुत्री चावते ती बहुधा सांगून चावते. कान मागे, अंग ताठ, घशातून आवाज. मुलांना हे शिकवावं, आणि हेही, की अशा वेळी पळायचं नाही, नजर वळवून मागे सरकायचं. आणि चावलंच, नुसतं खरचटलं तरी, साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस सुरू करायची. हळद, चुना, मिरची काही नाही. कुत्र्यावर माया असणाऱ्या घरानं तर यात जास्तच कडक असावं.

येळ अमावास्येला पिल्लं चार आठवड्यांची होती. आम्ही सगळे शेतावर, भज्जी-आंबील, उंडे, वाचकांना ठाऊकच आहे. लातूर-उदगीरकडे वेळ अमावास्या म्हणतात एवढाच फरक. संध्याकाळी परतलो तर थोरली ओरडत आली, करी आजारी आहे, ओकतेय. करी आजारी नव्हती. दुपारभर कुठल्या तरी शेतावर तिनं सणाचं भरपेट खाल्लं होतं, आणि घरी येऊन ते अर्धवट पचलेलं, गरम, मऊ अन्न पिल्लांपुढे काढलं होतं. पिल्लं तुटून पडली. लांडग्यांची ही रीत कुत्र्यांत अजून टिकून आहे. तोवर पिल्लांना सुईसारखे दात आले होते, सडांवर ओरखडे दिसत होते, आणि करी आता आडवी होऊन पाजायच्या ऐवजी उभ्यानं पाजत होती. दोन घोट दिले की चालू लागायची.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तांबूस पिल्लांपैकी एक मागे येणाऱ्या टेम्पोखाली गेलं. चालवणाऱ्यानं मुद्दाम केलं नव्हतं. करी आली, चाटत राहिली. जन्मताना चाटलं होतं तसंच, जोरजोरात, उलटंपालटं करून. अंधार पडल्यावर उठली आणि उरलेल्या चौघांना पाजायला गेली.

मघाशी म्हटलं तो दुसरा निबंध हा. त्याच कोलकात्याच्या मंडळींनी बंगालमधे सात ठिकाणी पाच वर्षं मोजदाद केली. ९५ वेतं, ३६४ पिल्लं. त्यांतली वयात येईपर्यंत जगली शंभरातली एकोणीस. आणि जी मेली त्यांतल्या ६३ टक्क्यांच्या मरणामागे माणसाचा हात होता: वाहनं, विष, मारहाण, उचलून नेणं. जिच्या जवळ सुरक्षित वाटतं म्हणून कुत्री येते ती वस्तीच. त्याच अभ्यासकांना हेही दिसलं की या कुत्र्या एकेकट्या पोरं वाढवत नाहीत. एकीच्या पिल्लांना दुसरी सांभाळते, एका ठिकाणी तर आजी नातवंडांना राखताना सापडली. २०१८च्या एका निबंधाच्या नावातच त्यांनी भारतीय एकत्र कुटुंब घातलं आहे.

महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर चालणारा कुत्रा सगळ्यांना माहीत असतो. सुरुवातीची कुत्री फार थोड्यांना. आदिपर्वात जनमेजयाचं यज्ञसत्र चालू असताना त्याचे भाऊ एका कुत्र्याच्या पिल्लाला मारतात. पिल्लू रडत आईकडे जातं. आई सरमा विचारते, तू काही केलं असशील. ते म्हणतं, हवीला तोंड लावलं नाही, बघितलंही नाही. मग ती थेट यज्ञमंडपात येऊन राजाला जाब विचारते, आणि उत्तर मिळत नाही तेव्हा शाप देते. राजा घाबरून पुरोहित शोधायला निघतो. एवढा मोठा ग्रंथ, आणि त्याच्या उंबरठ्यावर एक आई कुत्री उभी. आपल्या भागात तर कुत्र्याला देवाच्या घरचा मान आहे. आपला मैलार मल्लण्णा, तोच तिकडचा खंडोबा, त्याच्या पायाशी कुत्रा. गाणगापूरला दत्ताच्या पायाशी चार, आणि माध्यान्ही भिक्षेला देव कोणत्या रूपात येईल सांगता येत नाही म्हणून तिथे कुत्र्यालाही कुणी हाड् म्हणत नाही. तेच आपण घरी आलो की दगड उचलतो. गाणगापूरच्या बसमधे मला नेहमी हे सुचतं, उतरल्यावर विसरते.

पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत आईपासून तोडायची नाहीत हे अत्तींनी ठरवून टाकलं होतं. चावताना किती जोर लावायचा, हे पिल्लू भावंडांकडून आणि आईकडूनच शिकतं. लवकर उचललेलं पिल्लू पुढे नुसतं दात लावत फिरतं. तुरीची रास झाल्यावर मेंढरं बसवायला धनगर आले, आपल्या भाषेत कुरुबर, त्यांनी उरलेला तांबूस आणि कबरा नेला. अत्तींनी मांडीवर ऊब दिलेला तो कबरा. एक काळा बसवकल्याणकडे अत्तींच्या भावाच्या शेतावर गेला. नेण्याआधी तिघांनाही पहिली लस दिली. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर द्यायची हे चिठ्ठीवर लिहून दिलं, कुरुबराला वाचून दाखवलं.

चौथी मादी. बघायला येणारा प्रत्येक जण आधी शेपटी उचलून बघायचा, "गंडो, हेण्णो?" विचारायचा, आणि हेण्णु म्हटलं की चहा पिऊन जायचा. मुधोळच्या कारवानी जातीची मादी असती तर लोकांनी पैसे मोजले असते. त्या जातीवर २००५ साली टपाल तिकीट निघालं, आणि तिच्यासाठी आपल्याच बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं मुधोळजवळ तिम्मापूरला संशोधन केंद्र आहे. गल्लीतल्या काळीच्या काळ्या पोरीला कोण विचारतो? अत्ती म्हणाल्या, राहू दे.

फेब्रुवारीच्या शेवटी करीचं दूध आटल्यावर तिला बीदरला नेऊन शस्त्रक्रिया करून आणलं. रिक्षा, दवाखाना, पाच दिवस पडवीत बांधून ठेवणं, सगळं मिळून आमच्या यांना घरच्या लग्नाइतकं वाटलं. तिच्या कानाला आता एक खाच आहे. पुढच्या भाद्रपदात आमच्या दारात गर्दी नसेल. पोरीची वयात यायच्या आत करायची आहे, त्याचे पैसे मी गव्हाच्या डब्यात वेगळे ठेवलेत.

करी आता तिला जवळ येऊ देत नाही. पोरगी सडाकडे गेली की दात दाखवते, भाकरीच्या तुकड्यावरून दोघींची रोज जुंपते. पोरीला अजून नाव नाही, मुलं 'मरी' म्हणतात. अत्ती संध्याकाळी ताटली घेऊन पडवीत येतात आणि एकच हाक मारतात, "करी!" दोघी दोन बाजूंनी पळत येतात.